गर्दच्या विरोधात गायिलेली एक ध्वनिफीत



‘मुलगा दिवसभर कानांत यंत्र घालून तो इंग्रजी गोंगाट ऐकत बसतो, त्याला काय करावे?’ अशी विचारणा करणारे आईबाप प्रत्येक धर्मग्रामात भेटतात. यंत्रे बदलत गेली. ग्रामोफोन गेला, रेडिओ मागे पडला, टेप अडगळीत गेली आणि आता हातातील फोन आला. तक्रार मात्र तीच राहिली. तिच्यात काही तथ्य नाही असे आम्ही म्हणणार नाही. गायनाचे सुख मनास कोठे ओढून नेईल, याची धास्ती खुद्द संत ऑगस्टीन यांसही वाटत असे, आणि आपल्या आत्मनिवेदनाच्या दहाव्या खंडात त्यांनी मंदिरातील गायनाविषयीदेखील हा पेच मांडून ठेवला आहे. परंतु गोंगाट म्हणून आपण जे बाजूस सारतो त्यात सांगितलेले काय असते, हे कितीजण पाहतात? गोव्यातील एका ख्रिस्ती तरुणाने १९८६ साली काढलेल्या अशाच एका ‘गोंगाटा’ची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावयाची आहे.

त्या गायकाचे नाव रेमो फर्नांडिस. जन्म ८ मे १९५३. बार्देस तालुक्यातील शिवोली हे त्यांचे गाव. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी; तेव्हा हा मुलगा आठ वर्षांचा होता. म्हणजे पोर्तुगीज राजवटीची शेवटची वर्षे आणि भारताची पहिली वर्षे अशा दोन्ही काळांत त्याचे बालपण गेले. घरी कोंकणी व पोर्तुगीज, वाड्यावर मांडो आणि दुलपद, चर्चमध्ये गायकवृंद, आणि परदेशांतून येणाऱ्या तबकड्यांवर एल्विस प्रेस्ली, क्लिफ रिचर्ड व बीटल्स. असा तो सारा कानाचा संस्कार. (हे क्लिफ रिचर्ड १९४० साली लखनौ येथे जन्मले, हे पुष्कळांस ठाऊक नसते.)

गोव्यातील संगीताविषयी येथे थोडे सांगितले पाहिजे, एरवी पुढील गोष्टीचे महत्त्व ध्यानात येणार नाही. पोर्तुगीज अमदानीत चर्चला जोडलेल्या गावोगावच्या शाळांतून मुलांस स्वरलिपी वाचण्यास व व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत असत. मिस्सेच्या वेळी गायकवृंदास साथ मिळावी एवढाच त्यामागील हेतू. परंतु त्या शाळांतून निघालेली मुले पोटासाठी मुंबईस गेली आणि तेथे हिंदी चित्रपटांचे सारे वाद्यवृंद त्यांनी भरून टाकले. सेबॅस्टियन डिसोझा, चिक चॉकलेट, अँथनी गोन्साल्विस ही नावे जाणकारांस ठाऊक आहेत. मजोर्डे गावचे हे अँथनी गोन्साल्विस संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू, आणि १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात त्यांचे नाव आले ते शिष्याने गुरूस दिलेली मानवंदना म्हणून. परंतु हा अपवाद. बाकीचे कितीतरी गोवेकर वादक आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाण्यामागे वाजवीत राहिले. तबकडीच्या वेष्टनावर त्यांचे नाव कधी आले नाही.

रेमो मुंबईस गेले ते वास्तुशास्त्र शिकावयास. शिक्षण सर जे. जे. महाविद्यालयात चालू असतानाच ते एका रॉक वाद्यवृंदातही वाजवीत होते. पदवी मिळाली, परंतु घरे बांधण्याच्या धंद्यात त्यांचे मन रमले नाही. पुढे दोन-तीन वर्षे ते युरोपात व उत्तर आफ्रिकेत, वाटेत मिळेल त्या वाहनाने, गिटार व बासरी घेऊन फिरले. १९८० च्या सुमारास गावी परत आले आणि त्यांनी ठरविले की, येथेच राहून, गोव्याविषयी, गोव्यातल्या माणसासारखे गावयाचे. मुंबईतील ध्वनिमुद्रण-कंपन्यांस त्यात रस नव्हता. इंग्रजीत गाणारा देशी गायक विकत घेणार कोण, हा त्यांचा सवाल होता, आणि व्यापाराच्या दृष्टीने तो अगदीच गैर होता असेही नाही.

तेव्हा या गृहस्थाने काय केले, तर शिवोलीच्या आपल्या घरातील एका खोलीसच ध्वनिमुद्रणाचे दालन केले. साध्या कॅसेटवर चार पट्ट्यांत मुद्रण करणारे एक लहानसे यंत्र त्या काळी नुकतेच बाजारात आले होते. त्याची युक्ती अशी, की पहिल्या पट्टीवर ताल वाजवून घ्यावयाचा, तो ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार, तिसऱ्यावर बासरी. मग हे तिन्ही आवाज चौथ्या पट्टीवर एकत्र उतरवून पहिल्या तीन पुन्हा मोकळ्या करावयाच्या व त्यांवर गळ्याने गावयाचे. अशा रीतीने एकच माणूस धीर धरील तर संपूर्ण वाद्यवृंद होऊ शकतो. मात्र उतरविताना झालेली चूक पुसता येत नाही, आणि प्रत्येक उतारणीत आवाज थोडा मळतो. सारी वाद्ये रेमो यांनी वाजविली, सारे आवाज त्यांनीच दिले, वेष्टनावरील चित्रही स्वतः काढले. १९८४ साली ‘गोवन क्रेझी’ या नावाने ही ध्वनिफीत निघाली. वितरकही तेच! पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून ते गावोगावच्या दुकानांत स्वतः देऊन येत. गोव्यातील टेलिफोन कसे कधीच लागत नाहीत, यावर टेलिफोनच्या जनकास उद्देशून रचलेले एक मिस्कील गाणे त्यांत होते आणि ते फारच लोकप्रिय झाले. दुसऱ्या वर्षी ‘ओल्ड गोवन गोल्ड’ नावाची, गोव्याच्या जुन्या गीतांची फीत त्यांनी काढली. त्याच वर्षी श्याम बेनेगल यांच्या ‘त्रिकाल’ चित्रपटातही ते दिसले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

१९८० नंतरच्या चार-पाच वर्षांत मुंबईच्या रस्त्यांवर एक तपकिरी भुकटी येऊन पोहोचली. इंग्रजीत तिला ब्राऊन शुगर म्हणत. मराठीत तिचे नाव पडले ‘गर्द’ आणि तिच्या आहारी गेलेल्यांचे ‘गर्दुल्ले’. ती म्हणजे अशुद्ध हेरॉइन. अफूपासून मॉर्फीन काढतात, मॉर्फीनपासून हेरॉइन होते. १८९८ मध्ये जर्मनीतील बायर कंपनीने ते खोकल्याचे औषध म्हणून बाजारात आणले होते, यावर आज विश्वास बसत नाही. चांदीच्या कागदावर चिमूटभर गर्द ठेवावयाची, खालून काडी धरावयाची आणि निघणारा धूर नळीने ओढावयाचा, अशी रीत. सुईची भीती नाही, वास फारसा नाही, किंमत प्रारंभी अल्प. म्हणून शाळकरी मुलांपर्यंत ती सहज गेली. काही दिवसांत शरीर असे बांधले जाते की काही तास ती मिळाली नाही तर नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, हाडे दुखतात, उलट्या होतात, झोप नाहीशी होते. तिच्या तावडीतील मुले या यातनेस ‘टर्की’ म्हणतात. तिच्या भयापायी मुलगा आईच्या अंगावरील मंगळसूत्र विकतो आणि बापाच्या खिशास हात घालतो. सरकारने १९८५ मध्ये अमली पदार्थांविरुद्ध कडक कायदा केला. परंतु कायदा पोलिसांच्या हातात असतो. घरातल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या कानापर्यंत तो जात नाही.

त्या कानापर्यंत जाणारी वस्तू होती गाणे, आणि तेही त्याच्या आवडीच्या चालीचे. गोव्याच्या किनाऱ्यावर तर परदेशी पाहुण्यांबरोबर हे विष आधीच आलेले होते. शिवोलीहून अंजुणे ते किती दूर? रेमो यांनी ते जवळून पाहिले होते. १९८६ मध्ये त्यांची नवी ध्वनिफीत निघाली तिचे नाव ‘पॅक दॅट स्मॅक’. ‘स्मॅक’ हे गर्दचेच इंग्रजी टोपणनाव. तेव्हा ‘ते विष गुंडाळून ठेव, चालते कर’ असा या नावाचा भाव होतो. शीर्षकगीताचा विषय तोच, आणि त्याच काळातील ‘डाऊन विथ ब्राऊन’ हे त्यांचे गाणेही ब्राऊन शुगरच्याच विरोधात. ढोल घुमतो, गिटार किंचाळते, तरुणांचे पाय आपोआप हलू लागतात. आणि ज्या संगीतास आईबाप व्यसनाचा सोबती समजत होते तेच संगीत व्यसनावर उलटते. आमच्या मते या ध्वनिफितीचे खरे यश येथे आहे. गोव्याबाहेर, महाविद्यालयांच्या आवारांत, शहरांतील मैफलींत ही गाणी पोहोचली. इंग्रजीत गाणारा देशी गायक कोणी विकत घेणार नाही, ही समजूत खोटी ठरली.

ध्वनिफितीतून एकेक गाणे सुटे होऊन लोकांच्या तोंडी बसते, त्यास परदेशात ‘सिंगल’ म्हणतात व पूर्वी ते निराळ्या लहान तबकडीवर विकत. आपल्याकडे तशी रीत फारशी नव्हती. कॅसेट सबंध विकत घ्यावी लागे आणि कोणते गाणे गाजणार हे ऐकणारेच ठरवीत. ऐकणाऱ्यांनी येथे उपदेश करणारे गाणे निवडले. ही गोष्ट आम्हा उपदेशकांनी विचारात घेण्याजोगी आहे. व्यासपीठावरून व्यसनाविरुद्ध बोलताना आपण बहुधा, ज्यास व्यसन नाही त्यालाच सांगत असतो. ज्यास आहे तो मागील दाराशी उभा असतो, नाहीतर आलेलाच नसतो. रेमो यांच्या गाण्यात मुलास खाली पाहण्यास लावणारा स्वर नाही. बरोबरीचा मित्र खांद्यावर हात टाकून, प्रसंगी थट्टा करून बोलतो, तसे ते गाणे आहे.

तरीही गाण्याने मुलगा बरा होत नाही. हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावयास हवे. सुदैवाने त्याच वर्षी, २९ ऑगस्ट १९८६ रोजी, पुण्यात येरवडा येथे ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. डॉ. अनिल अवचट यांनी गर्दच्या विळख्यातील मुलांमध्ये फिरून, त्यांच्याशी बोलून जे लेखन केले ते वाचून पु. ल. देशपांडे व सुनीताबाई अस्वस्थ झाले. त्यांनी देणगी दिली आणि डॉ. अनिता अवचट यांनी ते केंद्र उभे केले. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या अनिताबाई १९९७ मध्ये गेल्या, अवचट २०२२ च्या जानेवारीत. केंद्र चालू आहे. तेथे रुग्णाच्या पत्नीसाठीही निराळा गट असतो, कारण व्यसन एकास लागते आणि भोगते सारे घर. अवचट स्वतः बासरी वाजवीत. तिकडे शिवोलीत रेमो यांच्याही हाती बासरी. दोघांचा एकमेकांशी संबंध नव्हता, पण एकाच वर्षी एकाच शत्रूशी दोघे झगडत होते, एकजण मराठीत, एकजण इंग्रजीत.

आपल्या ख्रिस्ती समाजापुरते सांगावयाचे तर याआधीच, १९८१ मध्ये, वांद्रे येथील माउंट कार्मेल चर्चच्या आश्रयाने फादर जोसेफ परेरा यांनी ‘कृपा फाउंडेशन’ स्थापन केले होते. दारूच्या व गर्दच्या व्यसनातून सुटू पाहणाऱ्यांस एकत्र बसवून मोकळेपणाने बोलते करावयाचे, आणि जोडीला पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांच्याकडे शिकलेली योगासने घ्यावयाची, अशी त्यांची पद्धत. धर्मगुरूने योगासने शिकवावीत का, अशी कुजबुज त्या वेळी झाली नसेल तर नवल! फादर परेरा यांस २००९ मध्ये पद्मश्री मिळाली. रेमो यांस ती दोन वर्षे आधी, २००७ मध्ये मिळाली होती.

रेमो यांची पुढील वाटचाल थोडक्यात सांगतो. १९८७ मध्ये ‘बॉम्बे सिटी’ ही ध्वनिफीत आली. तीत तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांस उद्देशून एक स्पष्टवक्ते गाणे होते. गोव्यात खुद्द त्यांच्यापुढे ते गायिले गेले तेव्हा कित्येकांस तो अपमान वाटला. पंतप्रधानांनी मात्र गाणे आवडल्याचे पत्र पाठविले. त्याच वर्षीच्या ‘जलवा’ या हिंदी चित्रपटाचे शीर्षकगीत रेमो यांनी गायिले, आणि योग असा की त्या चित्रपटाची कथाही अमली पदार्थांनी भाऊ गमावलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याची आहे. पुढे ‘बॉम्बे’ चित्रपटातील ‘हम्मा हम्मा’ (१९९५), ‘प्यार तो होना ही था’ (१९९८) आणि त्याच वर्षीची ‘ओ मेरी मुन्नी’ ही हिंदी ध्वनिफीत यांनी त्यांचे नाव घरोघर गेले. ही हिंदी गाणी ऐकावयास गोड आहेत. परंतु गायक म्हणून नव्हे, माणूस म्हणून रेमो कोण, हे कळण्यास १९८४ ते १९८७ ची इंग्रजी गाणीच ऐकली पाहिजेत, असे आमचे मत आहे.

आता वाचक म्हणतील, गोव्याची व मुंबईची ही चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट आमच्या तरसालीस कशास? वडोदरे हे तर गाण्याचे शहर. सयाजीराव महाराजांनी १८८६ साली मौलाबक्ष यांच्या हाताखाली येथे गायनशाळा काढली. फैयाझखाँसाहेब येथे दरबारगायक होते. आणि नवरात्रात येथील गरब्याची मैदाने दुरून माणसे पाहावयास येतात. शिवाय गुजरात राज्य १९६० मध्ये निर्माण झाले तेव्हापासून येथे दारूबंदी आहे. महाराष्ट्रातून येथे येऊन स्थिरावलेली कित्येक कुटुंबे याच गोष्टीने निर्धास्त असतात. ‘इकडे दारूच मिळत नाही, मुलगा बिघडेल कशाने?’ असे समाधान ऐकावयास मिळते.

हे समाधान अपुरे आहे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये आपल्याच वडोदरे जिल्ह्यातील सावली तालुक्यात, मोक्सी गावाजवळच्या एका कारखान्यातून गुजरात पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने सुमारे सव्वादोनशे किलो मेफेड्रॉन पकडले. त्याच वर्षअखेरीस शहरालगतच्या सिंधरोट येथेही असाच माल व तो बनविण्याचे साहित्य सापडले. २०२४ मध्ये पुण्याच्या पोलिसांनी दौंडजवळ कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत तोच प्रकार उघडकीस आणला. यास मुले ‘एम. डी.’ म्हणतात. गर्दसाठी अफूचे शेत लागे. यासाठी केवळ रसायने व एखादी आडबाजूची शेड पुरते, आणि आपण राहतो तो मुलूख तर रासायनिक कारखान्यांचाच. गर्दने माणूस पेंगतो, एम. डी. ने तो जागतो. भूक मरते, रात्रीच्या रात्री डोळा लागत नाही, बडबड वाढते आणि नंतर उदासीनता व संशय यांचा झटका येतो. त्यामुळे पुष्कळदा घरच्यांस आरंभी वाटते की मुलगा उत्साही झाला आहे, अभ्यासास रात्री जागतो आहे!

मकरपुऱ्याच्या कारखान्यांत पाळीवर जाणारा बाप आणि घर सांभाळणारी आई, यांनी अशा वेळी काय करावे? फोन हिसकावून घ्यावा, गाणी बंद करावीत, हा पहिला विचार येतो. त्याने मुलगा दुसरीकडे जाऊन ऐकतो, एवढेच होते. त्यापेक्षा एखाद्या रविवारी जेवणानंतर त्याला सांगावे, तू ऐकतोस ते आम्हांसही ऐकव, आणि इंग्रजी कळत नाही त्या आजीस त्याचा अर्थ मराठीत सांग. वाईट गाणे असेल तर अर्थ सांगताना त्याची जीभ अडखळेल. ते त्याचे त्यालाच पुरे आहे, वर आपण रागे भरू नये. चांगले असेल तर आपल्याही ज्ञानात भर पडेल. ‘पॅक दॅट स्मॅक’ आजही ऐकावयास मिळते. तिच्यापासूनच आरंभ करता येईल. तिच्या निमित्ताने गर्द आणि एम. डी. ही नावे घरात उच्चारली जातील, आणि जे नाव घरात मोकळेपणाने उच्चारता येते त्याविषयी मुलगा पुढे विचारण्यास धजतो.

आणि ज्यांच्या घरी ही पाळी आधीच आली आहे, त्यांनी लोकलज्जेस्तव महिने घालवू नयेत. भगत, नवस, गावी पाठविणे, लग्न करून देणे, यांपैकी कशानेही हा आजार गेलेला नाही. लग्नाने तर आणखी एका घरची मुलगी त्यात ओढली जाते. शासनाचा १४४४६ हा विनाशुल्क दूरध्वनी क्रमांक देशभर व्यसनमुक्तीच्या सल्ल्यासाठी चालविला जातो. वडोदऱ्यातील सरकारी रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. फोन करताना पहिले वाक्य सुचत नसेल तर मुलाचे वय, किती दिवसांपासून झोप नाही आणि घरातून काय काय नाहीसे झाले, एवढे कागदावर लिहून समोर ठेवावे व तेच वाचून दाखवावे.